ग्रामीण कॅनडात स्थायिक होताना जोडीदाराचा विचार कोण करणार?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

महोदय,

कॅनडाच्या ग्रामीण भागात कायमचे वास्तव्य मिळवून देणाऱ्या योजनांविषयीचा मजकूर अलीकडे मराठी वृत्तपत्रांतून वारंवार वाचायला मिळतो. अर्ज कसा करावा, इंग्रजीच्या परीक्षेत किती गुण लागतात, बँकेच्या खात्यात किती शिल्लक दाखवावी लागते, हे सारे त्यात असते आणि ते बहुतांशी बरोबरही असते. विमानातून उतरल्यानंतर पुढे काय, याविषयी मात्र या मजकुरात फारसे काही सापडत नाही. मी सास्काचेवान प्रांतातील एका लहान गावात राहते. नोकरी माझ्या पतीला मिळाली आणि मी त्यांच्याबरोबर आले, म्हणजे सरकारी अर्जातील ‘सोबतचा जोडीदार’ या रकान्यातून आले. त्या रकान्यातून येणाऱ्यांच्या वतीने चार गोष्टी मांडाव्यात, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, एखादे कुटुंब इथल्या खेड्यात रुजणार की वर्ष-दोन वर्षांत कॅलगरी किंवा टोरंटोची वाट धरणार, हे घरातल्या ज्या माणसाला नोकरी आहे त्याच्यापेक्षा ज्याला नाही त्याच्यावर अधिक ठरते, आणि नेमका त्याचाच विचार योजनेत, जाहिरातीत आणि बातमीत सर्वांत कमी झालेला असतो.

ज्या योजनेची सध्या सर्वाधिक चर्चा आहे, ती ‘रूरल कम्युनिटी इमिग्रेशन पायलट’ ही योजना ३० जानेवारी २०२५ रोजी सुरू झाली आणि तिच्यात १४ ठिकाणांचा समावेश आहे. त्याआधी २०१९ मध्ये अशीच एक योजना ११ ठिकाणांसाठी प्रायोगिक म्हणून काढण्यात आली होती. आताच्या १४ ठिकाणांच्या यादीत १ लाख ६६ हजार वस्तीचे सडबरी आहे आणि चार हजारांच्या आत लोकवस्ती असलेले अल्बर्टा प्रांतातील क्लेअर्सहोमही आहे. सास्काचेवानमधून फक्त मूस जॉ हे सुमारे ३३ हजार वस्तीचे शहर निवडले गेले आहे. मूस जॉमध्ये दवाखाने, दुकाने, शाळा, नवागतांसाठी मदतकेंद्र असे सारे काही आहे. पण ग्रामीण कॅनडात येणारे सगळेच या यादीतून येत नाहीत. प्रांतांच्या स्वतःच्या योजनांतून किंवा थेट मालकाने मागवल्यामुळे आलेली कुटुंबे पाचशे-सातशे वस्तीच्या गावांतही दिसतात. २०२१ च्या जनगणनेनुसार या देशात सुमारे ६६ लाख लोक, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या १७.८ टक्के, ग्रामीण भागात राहतात, आणि हा भाग इतका विस्तीर्ण आहे की त्यातल्या एका गावाचा अनुभव दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही. मी जे लिहिते आहे ते मुख्यत्वे इथल्या सपाट गवताळ प्रदेशाविषयी, म्हणजे प्रेअरीविषयी आहे.

या योजनांची सगळी उभारणी मालकाभोवती झालेली आहे. त्या ठिकाणच्या मान्यताप्राप्त मालकाने नोकरी देऊ करायची, स्थानिक संस्थेने शिफारस करायची, आणि मग केंद्र सरकारने अर्जाचा विचार करायचा. अर्जदाराने तिथेच राहण्याचा इरादा व्यक्त करायचा असतो. परंतु कॅनडाच्या राज्यघटनेतील हक्कांच्या सनदेच्या सहाव्या कलमाने नागरिकांप्रमाणेच कायमच्या रहिवाशांनाही कोणत्याही प्रांतात जाऊन राहण्याचा व पोटापाण्याचा उद्योग करण्याचा हक्क दिलेला आहे. म्हणजे कायमच्या वास्तव्याचा कागद हातात पडला की बांधून ठेवणारे काहीही उरत नाही, आणि तसे ते उरू नये हेच योग्य आहे. मग गाव आपल्या बाजूने काय करू शकते? तर राहावेसे वाटेल अशी परिस्थिती निर्माण करू शकते. ती परिस्थिती कुणासाठी निर्माण करायची, हा प्रश्न आला की मालकाच्या आणि समितीच्या डोळ्यांसमोर कामगार येतो. त्याच्यामागे घरात बसलेले माणूस येत नाही.

इतिहासाकडे पाहिले तर या देशाने खेडी वसवण्याचा प्रयोग यापूर्वी फार मोठ्या प्रमाणावर केलेला आहे. १८७२ च्या डोमिनियन लँड्स कायद्याने दहा डॉलर शुल्क भरणाऱ्याला १६० एकर जमीन देऊ केली होती; तीन वर्षे तिथे राहायचे, जमीन फोडून लागवडीखाली आणायची आणि घर बांधायचे, अशा अटी होत्या. १८९६ ते १९०५ या काळात गृहखात्याचा कारभार पाहणारे क्लिफर्ड सिफ्टन यांनी पूर्व युरोपातील शेतकऱ्यांना मोठ्या संख्येने इकडे आणले. आशियातील माणसे त्यांच्या मनात नव्हती, आणि मायदेशातून वाटेत न थांबता थेट आलेल्यांनाच प्रवेश देणाऱ्या १९०८ च्या अखंड प्रवासाच्या नियमाने व भारतीय प्रवाशांचे जहाज परत पाठवणाऱ्या १९१४ च्या कोमागाता मारू प्रकरणाने भारतीयांना दार बंद असल्याचे स्पष्टच झाले. हा सारा मुलूख ज्यांचा होता त्या मूळ रहिवाशांशी १८७४ चा चौथा आणि १८७६ चा सहावा करार झाल्यानंतरच ही जमीन वाटली गेली, आणि त्या करारांतील वचने किती पाळली गेली हा वाद आजही जिवंत आहे. इथे राहायला येणाऱ्याने तो समजून घ्यायला हवा, कारण आपले शेजारी, आपल्या मुलांचे वर्गमित्र आणि दवाखान्यातले सहकारी त्या वादाचे एक पक्ष असतात.

या इतिहासातील एक गोष्ट आजच्या संदर्भात मला फार महत्त्वाची वाटते. त्या काळी युक्रेनियन, तसेच मेनोनाइट व दुखोबोर या ख्रिस्ती पंथांचे लोक गटागटाने आले आणि गटानेच वसले. १८९९ मध्ये सुमारे साडेसात हजार दुखोबोर एकाच वर्षी कॅनडात उतरले आणि शेजारी शेजारी गावे करून राहिले. थंडी तीच होती, एकाकी माळरानही तेच होते, पण बाळंतपणाला आपल्या भाषेत धीर देणारी बाई अर्ध्या कोसावर होती आणि प्रार्थनेला जाण्याचे ठिकाण आपले होते. आजची योजना अगदी उलट वागते. ती मालकाच्या गरजेनुसार एका गावात एक कुटुंब टाकते, आणि त्या कुटुंबातील एकाला सकाळी आठपासून कामाच्या ठिकाणी चार माणसे भेटतात, तर दुसऱ्याला दिवसभर कुणीच भेटत नाही. फोनवरून माहेरच्या माणसांशी कितीही बोलले तरी आपल्या दुपारी त्यांच्याकडे मध्यरात्र असते.

या एकटेपणाला सर्वांत जास्त खतपाणी घालणारी गोष्ट थंडी नसून वाहनाचा अभाव ही आहे, असे मी ठामपणे म्हणेन. सास्काचेवान ट्रान्सपोर्टेशन कंपनी ही प्रांत सरकारची बससेवा १९४६ पासून गावोगाव जात होती. ती मे २०१७ अखेरीस बंद करण्यात आली. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबरच्या शेवटी, ग्रेहाउंड या खासगी बस कंपनीनेही पश्चिम कॅनडातील आपल्या जवळपास सर्व फेऱ्या थांबवल्या. आज अनेक गावांतून बाहेर पडायला स्वतःच्या गाडीशिवाय दुसरे साधन नाही. भारतातील परवाना इथे परस्पर बदलून मिळत नाही. सास्काचेवानमध्ये रहिवासी झाल्यापासून ९० दिवस तो चालतो आणि त्यानंतर लेखी व रस्त्यावरची अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. ज्या घरात एकच गाडी असते तिथे ती नोकरीवाल्याबरोबर जाते. ज्या घरात एकालाच चालवता येते तिथे दुसरा माणूस दुधाच्या पिशवीसाठी, दातांच्या डॉक्टरसाठी, मुलाच्या शाळेतील सभेसाठी, इतकेच नव्हे तर स्वतःच्या नोकरीच्या मुलाखतीसाठीही पहिल्याच्या सुट्टीची वाट पाहतो. शहरात गाडी चालवणे सवड मिळेल तेव्हा शिकू म्हणून पुढे ढकलता येते; इथे मात्र ते पाणी आणि वीज यांच्या रांगेतले आहे.

चालवता येणे म्हणजे तरी काय, हेही थोडे विस्ताराने सांगते. हिवाळ्यात इथल्या गाड्यांच्या पुढच्या बाजूने विजेची एक छोटी वायर लोंबत असते. इंजिन गरम ठेवणाऱ्या हीटरची ती वायर असून, पारा उणे तिशीच्या खाली जाणार असला की ती रात्री घराबाहेरच्या प्लगला जोडून ठेवावी लागते, नाही तर सकाळी गाडी सुरू होत नाही. मागच्या सीटखाली एक पेटी असते. तिच्यात ब्लँकेट, फावडे, जाड मोजे, काडेपेटी आणि पत्र्याच्या डब्यातली मेणबत्ती ठेवतात. बंद गाडीत काचेला बारीक फट ठेवून लावलेली एक मेणबत्तीही आतली हवा बऱ्यापैकी उबदार ठेवते. रस्त्यात अडकलात तर गाडी सोडून चालू लागायचे नाही, हा पहिला नियम; कारण वाऱ्याने उडालेल्या बर्फात दिशा कळत नाही आणि शोधणाऱ्याला माणसापेक्षा गाडी लवकर दिसते. उन्हाळ्यात खडीच्या रस्त्यावर समोरून वाहन आले की वेग कमी करायचा, नाही तर उडालेल्या खड्याने काच तडकते. संध्याकाळी हरणे आणि मूस जातीची प्रचंड सांबरे रस्त्यावर येतात. सुगीच्या दिवसांत अख्खा रस्ता व्यापून चाललेल्या कापणीयंत्राच्या मागे मुकाट्याने चालावे लागते, आणि हॉर्न वाजवणारा पाहुणा गावाच्या चांगला लक्षात राहतो. यांतले काही परीक्षेत विचारत नाहीत. कुणीतरी शेजारी बसून ते शिकवावे लागते, आणि मालकाने नव्या कामगाराला कामावर शिकवण्यासाठी जेवढे तास राखून ठेवलेले असतात त्यातले चार-पाच तास जरी त्याच्या जोडीदाराला गाडी शिकवण्यासाठी मिळवून दिले, तरी वर्षअखेरीस नोकरी सोडून जाणाऱ्यांची संख्या घटेल, असे मला वाटते.

पत्त्याचा मुद्दा वरवर क्षुल्लक दिसतो, पण तो जिवावर बेतू शकतो. हा प्रदेश मोजणीदारांनी चौकोनांत आखलेला आहे. सहा मैल लांब व सहा मैल रुंद अशी एक टाउनशिप, तिच्यात ३६ सेक्शन, प्रत्येक सेक्शन ६४० एकरांचा आणि त्याचे १६० एकरांचे चार भाग. गावाबाहेरचे घर शोधायचे तर सेक्शन १२ चा वायव्य चतकोर, टाउनशिप ३४, रेंज ५, तिसऱ्या मेरिडियनच्या पश्चिमेस, अशा प्रकारचा पत्ता सांगावा लागतो. रुग्णवाहिकेला किंवा अग्निशमन दलाला फोन केल्यावर घाबरलेल्या अवस्थेत हे आठवणे कठीण असल्यामुळे बहुतेक घरांत ते कागदावर लिहून फोनजवळ किंवा फ्रिजवर चिकटवलेले असते. दिवसा घरी असणारे माणूस बहुधा जोडीदारच असते, म्हणून हा पत्ता आधी त्याला पाठ हवा.

घराविषयी जाहिरातींत फार आकर्षक चित्र रंगवले जाते. शहराच्या मानाने इथे घर खरोखरच फार स्वस्त मिळते, परंतु स्वस्त का मिळते हे तळघरात उतरल्याशिवाय कळत नाही. पायाला गेलेली भेग, घर गरम ठेवणारी पण मोडकळीस आलेली भट्टी, गळके छप्पर आणि गावाबाहेर असल्यास विहिरीचे पाणी व मैल्याची टाकी, या पाच गोष्टी पाहिल्याविना सही करू नये. विहिरीच्या पाण्यात लोह आणि क्षार अधिक असणे ही इथली सर्वसामान्य बाब आहे. नायट्रेट आणि जंतू डोळ्यांना दिसत नाहीत, त्यामुळे पाणी प्रयोगशाळेतून तपासून घ्यावे लागते, विशेषतः घरात तान्हे मूल असेल तर. वीज गेली की पंप थांबतो आणि भट्टीचा पंखाही थांबतो, म्हणजे पाणी आणि ऊब दोन्ही एकदम जातात. गावातल्या लोकांना हे लहानपणापासून ठाऊक असल्यामुळे नव्या माणसाला सांगायचे त्यांना सुचत नाही, आणि नव्या माणसाला काय विचारायचे तेच ठाऊक नसते. नोकरीवाला माणूस दिवसभर मालकाच्या गरम इमारतीत असल्याने हे सगळे शिकणे पुन्हा घरात असणाऱ्यावरच येऊन पडते.

आता जोडीदाराच्या स्वतःच्या कामाकडे वळते. परिचारिका, औषधनिर्माता, शिक्षक, अभियंता हे व्यवसाय इथे प्रांतवार नियामक संस्थांच्या अखत्यारीत येतात. कॅनडाचा व्हिसा मिळाला म्हणजे पदवीला मान्यता मिळाली, असा जो समज आपल्याकडे आहे तो पूर्णपणे चुकीचा आहे. कागदपत्रांची पडताळणी, परीक्षा, पर्यवेक्षणाखालचे काम या पायऱ्या चढायला वर्षे लागतात, आणि त्यांपैकी बऱ्याच गोष्टी रेजायना किंवा सास्काटून या शहरांत जाऊन कराव्या लागतात. पुन्हा गाडी आलीच. मुले लहान असतील तर त्यांना कुठे ठेवायचे हा प्रश्न असतो. सहा वर्षांखालील मुलांसाठी मान्यताप्राप्त पाळणाघराचा दर या प्रांतात २०२३ पासून दिवसाला सरासरी दहा डॉलरवर आणण्यात आला, ही निश्चितच मोठी सोय आहे, पण दर कमी असून काय उपयोग, गावात पाळणाघरच नसेल किंवा त्यात जागाच नसेल तर? शिवाय केंद्र सरकारच्या पैशातून चालणारे इंग्रजीचे मोफत वर्ग कायमच्या रहिवाशांसाठी असतात. कामाच्या तात्पुरत्या परवान्यावर आलेल्या कुटुंबाला त्यांचा लाभ सहसा मिळत नाही, म्हणजे ज्या दिवसांत भाषेची सर्वाधिक गरज असते त्याच दिवसांत वर्गाचे दार बंद असते. या नियमाचे समर्थन कसे करता येईल हे मला तरी कळलेले नाही.

गावात उपलब्ध असलेली कामे कोणती, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. वृद्धाश्रम, सहकारी दुकान, शाळेची बस, टपाल कार्यालय, नगर कार्यालय, आठवड्यातून काही तास उघडणारे वाचनालय. यांतली वृद्धाश्रमातील शुश्रूषेची नोकरी बहुतेक ठिकाणी रिकामी असते आणि तिच्यासाठी लागणारे प्रमाणपत्र कामे सांभाळून दूरशिक्षणाने मिळवता येते. ज्या बाईने आपल्या देशात प्रयोगशाळा चालवली तिला म्हाताऱ्या माणसाला आंघोळ घालण्याचे काम करावे लागणे हा अन्याय आहे, असे काही जण म्हणतात. मला त्यात कमीपणा वाटत नाही; वाटते ते एवढेच की, हे आधी सांगितले गेले असते तर पुष्कळ घरांतील भांडणे टळली असती. वृद्धाश्रमातील कामाचा एक फायदा मात्र कुणी लक्षात घेत नाही. गावातल्या प्रत्येक घराचे कुणी ना कुणी तिथे असते, त्यामुळे वर्षभरात गावच्या नात्यागोत्यांची जी माहिती होते ती दहा वर्षे हमरस्त्यावरच्या कारखान्यात काम करूनही होत नाही.

गावात मिसळण्याचा विषय निघाला की लोक लाजाळूपणा, वंशभेद, उच्चार यांविषयी बोलतात. त्या अडचणी खऱ्याच आहेत आणि कुठे कुठे त्या कडवटही असतात. तरीही माझा अनुभव असा की, प्रेअरीवरचे गाव गप्पांनी ओळख करून घेत नाही, ते कामातून ओळख करून घेते. कर्लिंग या बर्फावरच्या खेळाचे मैदान, अग्निशमन दल, सभागृह, स्मशानभूमीची निगा हे सर्व गावकरी आपापला वेळ देऊन चालवतात. ग्रामीण कॅनडातील आग विझवणारे बहुसंख्य लोक बिनपगारी स्वयंसेवक असतात. शरद ऋतूत सभागृहात टर्कीच्या जेवणाची मोठी पंगत होते आणि तिच्या तिकिटांतून सभागृहाच्या तेला-विजेचा खर्च निघतो. तिच्या आधी काही दिवस टपाल कार्यालयाच्या भिंतीवर एक कागद लागतो. त्यावर ‘पाय’ हा गोड पदार्थ कोण करणार, बटाटे कोण सोलणार, खुर्च्या कोण मांडणार, भांडी कोण पुसणार असे रकाने असतात. त्या कागदावर आपणहून नाव लिहावे. कुणी बोलावील याची वाट पाहू नये, कारण न बोलावणे हा इथे अनादर मानला जात नाही. मांस शिजवायचे नसेल तर तसे सांगून भांड्यांकडे नाव द्यावे, कुणालाही त्याचे काही वाटत नाही. भांडी पुसता पुसता शेजारच्या बाईने तिच्या सासूच्या तक्रारी सांगितल्या की जग सगळीकडे सारखेच आहे याची खात्री पटते. इतके असूनही हा मार्ग जोडीदारालाच खुला असतो, कारण नोकरीवाल्याची पाळी बहुधा त्याच संध्याकाळी असते!

आरोग्यसेवेविषयी थोडे सांगते. कॅनडाच्या सार्वजनिक आरोग्य विम्याचा उगम याच प्रांताच्या ग्रामीण भागात आहे. १९४६ मध्ये स्विफ्ट करंटच्या परिसरात सर्वांसाठी वैद्यकीय सेवेची योजना सुरू झाली आणि तिच्याच अनुभवावर १ जुलै १९६२ रोजी संपूर्ण प्रांताची योजना लागू झाली. तेव्हा डॉक्टरांनी २३ दिवस संप केला होता. असा वारसा असलेल्या प्रदेशात आज लहान रुग्णालयांतील तातडीचा विभाग डॉक्टर किंवा परिचारिका नसल्यामुळे अधूनमधून बंद ठेवावा लागतो, हे दुर्दैव आहे. गंभीर रुग्णाला हेलिकॉप्टरने शहरात नेण्याची सोय २०१२ पासून आहे आणि तिच्यासाठी गावोगावी वर्गणी काढली जाते. नियमित औषधे, गरोदरपण किंवा मुलाचा एखादा जुना विकार असेल तर नोकरी स्वीकारण्यापूर्वी सर्वांत जवळचे प्रसूतिगृह किती किलोमीटरवर आहे आणि गावातले डॉक्टर नवे रुग्ण घेतात का, हे दोन प्रश्न विचारल्यावाचून राहू नये.

आपल्याकडील शेतकरी कुटुंबांतील तरुण मला कधी कधी विचारतात की, शेतीचा अनुभव असल्यामुळे त्यांना इथे सोपे जाईल का. सास्काचेवानमधील सरासरी शेत सतराशे एकरांहून मोठे आहे. पेरणी आणि कापणी उपग्रहाच्या मदतीने सरळ रेषेत चालणाऱ्या यंत्रांनी होते, आणि धान्याच्या उंच कोठारात उतरलेला माणूस क्षणार्धात धान्याखाली गाडला जाण्याचा धोका हा शेतमजुराने शिकायचा पहिला धडा असतो. आपण खातो त्या मसुरीचा बराच मोठा हिस्सा याच प्रांतातून येतो. सास्काटूनच्या विद्यापीठात विकसित केलेल्या आणि १९७८ मध्ये प्रसृत झालेल्या ‘लेअर्ड’ या वाणापासून इथे मसुरीची मोठी लागवड सुरू झाली. जमीन विकत घेण्याचे स्वप्न पाहणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की, या प्रांतात कॅनडाचा नागरिक अथवा कायमचा रहिवासी नसलेल्या व्यक्तीला दहा एकरांपेक्षा अधिक शेतजमीन धारण करता येत नाही, आणि प्रिन्स एडवर्ड बेट या दुसऱ्या प्रांतात तर बाहेरच्या माणसाला पाच एकरांपुढे सरकारी परवानगी लागते. तेव्हा इथून कुणी ‘शेत घेऊन देतो’ म्हणत असेल तर त्याच्याकडे पाठ फिरवावी. पैसे घेऊन नोकरीचे पत्र विकणे हाही गुन्हा आहे, आणि मोबदला घेऊन सल्ला देणारा माणूस वकील किंवा अधिकृत परवानाधारक सल्लागार आहे की नाही हे सार्वजनिक नोंदवहीत पाहता येते.

संपादक महोदय, आपल्याकडून माझी अपेक्षा मोठी नाही. यापुढे या योजनांविषयी लेख छापताना ज्याला नोकरी मिळाली त्याच्या मुलाखतीबरोबर त्याच्या घरातल्या दुसऱ्या प्रौढ माणसाचीही मुलाखत घ्यावी, आणि ती शक्यतो पहिल्या हिवाळ्यानंतर घ्यावी. जे वाचक प्रस्ताव हातात घेऊन निर्णयाच्या उंबरठ्यावर आहेत त्यांनी मालकाला पगाराइतक्याच स्पष्टपणे लेखी विचारावे की, राहायला घर कोण पाहून देणार, गाडी शिकण्यासाठी दोघांना मदत मिळेल का, पाळणाघरात जागा आहे का आणि जोडीदारासाठी गावात काय काम आहे. या प्रश्नांवर जो मालक चिडतो त्याच्याकडे कामाला जाण्यात धोका आहे, असे समजायला हरकत नाही. आणि तारीख ठरवण्याची मुभा असेल तर मे महिन्याच्या सुमारास यावे. तेव्हा रस्ते मोकळे असतात, दिवस मोठा असतो, शेजारी अंगणात भेटतात, आणि परवान्याची परीक्षा बर्फ पडण्यापूर्वी दोघांनाही देऊन टाकता येते.

कळावे,
आपली,
एक वाचक
सास्काचेवान, कॅनडा